फोमचं आरसी विमान चिकटवलंत? उडवण्याआधी तोल बघा

आरसी विमान आपटलं की आधी फोम ओळखा. थर्माकोलवर, म्हणजे ईपीएसवर, फेविक्विकसारखा साधा सायनोॲक्रिलेट गोंद लावला तर फोमच विरघळतो. तिथे इपॉक्सी किंवा फोम-सेफ गोंद वापरा. ईपीओ फोमला मात्र सायनोॲक्रिलेट चालतो.

खरी गडबड नंतर होते. समजा, तुटलेल्या शेपटीवर गोंद आणि टेप मिळून 5 ग्रॅम वजन वाढलं. शेपटी गुरुत्वमध्यापासून 50 सेंमी मागे असेल, तर तोल परत आणायला 10 सेंमी पुढे 25 ग्रॅम लागतात. सी-सॉचंच गणित! तोल मागे गेलेलं विमान एलिव्हेटर जरा हलवला तरी नाक वर उसळतं, स्टॉल होतं आणि सावरता येत नाही.

म्हणून बॅटरी जागेवर ठेवून, पण न जोडता, विमान पंखांखाली दोन बोटांवर तोला. बोटं मॅन्युअलमधल्या खुणेवर हवीत. खूण नसेल आणि पंख सरळ आयताकृती असेल, तर पुढच्या कडेपासून रुंदीच्या 25 ते 30 टक्क्यांवर धरा. नाक किंचित झुकलं तर चालेल. शेपटी झुकली तर बॅटरी पुढे सरकवा. तरीही झुकतेय? नाकात वजन घाला, तोवर उडवू नका.