कानाखालची न दुखणारी गाठ अंगावर काढू नका. लाळग्रंथीच्या कॅन्सरमध्ये पेशींचा 'बांध' असा फुटतो

कानाखाली गाठ आली की गावाकडे आधी गालगुंड समजून लेप लावतात. गालगुंड दुखतं, ताप येतो आणि आठ-दहा दिवसांत उतरतं. पण गाठ दुखत नाही आणि महिना उलटला तरी जात नाही, तर ती लाळग्रंथीची असू शकते. लगेच घाबरायचं कारण नाही. कानापुढच्या मोठ्या ग्रंथीतल्या बहुतेक गाठी साध्याच निघतात. मात्र ग्रंथी जितकी लहान, तितकी कॅन्सरची शक्यता जास्त. म्हणून टाळूवरची गाठ तर लगेच दाखवा.

आता आतलं गणित बघू. लाळेच्या पेशींभोवती एक अतिशय पातळ पडदा असतो, शेताच्या बांधासारखा. तो मुख्यतः टाइप-४ कोलॅजेन या प्रथिनाचा. कातडी-हाडातलं कोलॅजेन दोरखंडासारखं, हे मात्र जाळीसारखं विणलेलं. कॅन्सरच्या पेशी एमएमपी-२, एमएमपी-९ ही विकरं वापरून ही जाळी कुरतडतात आणि शेजारी घुसतात.

'अ‍ॅडेनॉइड सिस्टिक कार्सिनोमा' या लाळग्रंथीच्या कॅन्सरची तऱ्हा आणखी वेगळी. इथं गाठीतल्या पेशी स्वतःच या पडद्याचा माल भरपूर तयार करतात. मायक्रोस्कोपखाली गाठ चाळणीसारखी दिसते आणि भोकांमध्ये हाच माल साठलेला असतो. रिपोर्टवर 'क्रिब्रिफॉर्म' लिहितात ते हेच. 'सॉलिड' प्रकारात पेशी ठासून भरलेल्या, माल अगदी कमी. आणि तोच प्रकार जास्त आक्रमक.

चाळणीवाला प्रकार म्हणजे गरीब, असंही नाही बरं का. हा कॅन्सर हळू वाढतो, पण नसेच्या कडेकडेनं सरकतो. चेहरा बधिर होणं, तोंड एका बाजूला ओढलं जाणं ही त्याची खूण असू शकते. ऑपरेशननंतर 10-15 वर्षांनीही तो फुप्फुसात उगवू शकतो. त्यामुळे 'पाच वर्षं झाली, सुटलो' म्हणून तपासणी बंद करू नये.

'मी तंबाखूला हात लावत नाही' हा भरवसाही इथं चालत नाही. तोंडाच्या कॅन्सरसारखं तंबाखूचं थेट नातं या कॅन्सरशी नाही.

जिल्हा रुग्णालयात कान-नाक-घसा तज्ज्ञांना गाठ दाखवा. बारीक सुईनं गाठीतल्या पेशी काढून तपासतात. सुई टोचल्यानं कॅन्सर पसरतो, या भीतीपोटी ही तपासणी टाळू नका. कॅन्सर निघालाच तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात. जाताना रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा.