श्रीलंकेचा इतिहास: रूढ समज आणि वस्तुस्थिती

राजपुत्र विजय सातशे अनुयायांसह उत्तर भारतातून येऊन उतरला आणि तेव्हापासून श्रीलंकेत मनुष्यवस्ती सुरू झाली, असे अनेकदा सांगितले जाते. ही कथा ‘महावंस’ या पाली वंशवृत्तातील, म्हणजे राजांच्या व बौद्ध संघाच्या परंपरेची नोंद करणाऱ्या पद्यग्रंथातील आहे. मात्र तो इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकाच्या सुमारास, विजयाच्या मानलेल्या काळानंतर जवळजवळ हजार वर्षांनी रचला गेला. पाहियनगल गुहेत सापडलेले मानवी अवशेष तर तीस हजार वर्षांहून जुने आहेत. खुद्द महावंसातही विजयाला भेटणारी यक्षिणी कुवेणी सूत कातत बसलेली आहे, यावरून आधीच्या रहिवाशांची स्मृती त्या कथेतही टिकून राहिली असावी, असे मानण्यास जागा आहे.

याहून घातक समज सिंहली राजा दुट्ठगामणी आणि तमिळ राजा एळार यांच्या युद्धाविषयी आहे. इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातील या संघर्षाकडे सिंहली आणि तमिळ या दोन वंशांचे सनातन वैर म्हणून पाहिले जाते. परंतु चोल देशातून आलेल्या एळाराने चव्वेचाळीस वर्षे शत्रू-मित्र असा भेद न करता न्याय दिला, असे विजेत्याचा गौरव करणारा महावंसच नमूद करतो. दुट्ठगामणीचा योद्धा नंदिमित्र हा एळाराच्या सेनापतीचा भाचा होता, आणि एळार पडल्यावर दुट्ठगामणीने त्याच्या दहनस्थळी स्मारक उभारून तेथे पूजेची आज्ञा दिली. त्या युद्धाला धर्माचे अधिष्ठान देण्याचा ग्रंथकाराचा हेतू उघड आहे, तरीही आधुनिक राष्ट्रवादाची वांशिक चौकट त्यावर लादणे हा त्या ग्रंथावरही अन्यायच होय.

पोर्तुगीज १५०५ मध्ये आले आणि पुढे डचांनी त्यांची जागा घेतली, तरी दोघांचीही सत्ता मुख्यतः किनारपट्टीपुरतीच राहिली. डोंगराळ कँडीचे राज्य १८१५ पर्यंत टिकले. डचांनंतर आलेल्या इंग्रजांचा १८०३ च्या स्वारीत तेथे दारुण पराभव झाला होता. अखेरीस राजावर रुष्ट झालेल्या सरदारांच्या साहाय्याने कँडी त्यांच्या हाती आले आणि २ मार्च १८१५ च्या करारात बौद्ध धर्माच्या रक्षणाचे वचन द्यावे लागले. पदच्युत राजा श्री विक्रम राजसिंह दक्षिण भारतीय नायक्कर घराण्यातील होता, म्हणजे सिंहली राज्याच्या अखेरच्या सिंहासनावर सिंहली वंशाचा राजा नव्हता. त्याला वेल्लोरला बंदिवासात ठेवण्यात आले.

सिलोन हा ब्रिटिश हिंदुस्थानाचाच तुटलेला भाग, हा भारतीय वाचकांमधील समजही निराधार आहे. काही वर्षे मद्रासमधून कारभार चालल्यानंतर १८०२ मध्ये हे बेट थेट ब्रिटिश राजसत्तेच्या अखत्यारीतील स्वतंत्र वसाहत झाले. तेथील स्त्री-पुरुषांना प्रौढ मताधिकार १९३१ मध्येच, म्हणजे भारताच्या बऱ्याच आधी मिळाला. ४ फेब्रुवारी १९४८ रोजी स्वातंत्र्य आले ते डोमिनियनच्या, म्हणजे ब्रिटिश राजाला राष्ट्रप्रमुख मानणाऱ्या स्वशासित राष्ट्राच्या रूपात; प्रजासत्ताक आणि श्रीलंका हे अधिकृत नाव १९७२ चे. हे सत्तांतर रक्तपाताविना झाले हे खरे. पण त्याच १९४८ च्या नागरिकत्व कायद्याने चहामळ्यांत राबणाऱ्या भारतीय वंशाच्या बहुसंख्य तमिळांना नागरिकत्व नाकारले.