सात वृंद आणि गावोगावचे मेस्त

जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू बॅसिलिकेत आज लोक जातात ते सेंट झेवियरचे शव पाहायला. १६६३ साली जुझेप्पे दि सांता मारिया सेबास्तियानी हा कार्मेलाइट धर्मगुरू तिथे आला, तेव्हा त्याच्या मनात ठसले ते गाणे. सात वृंदांसाठीची रचना चालू होती. ती रोमच्या कारिस्सिमीची आहे असे त्याला कळले. गाणारे मात्र इथलेच होते आणि त्यांची तयारी पाहून तो थक्क झाला.

कारिस्सिमी हा ओरेटोरिओचा पहिला मोठा रचनाकार. कीर्तनकार उत्तररंगात आख्यान लावतो, तशीच इथे बायबलमधली कथा गायनातून उलगडते. वेशभूषा नाही, अभिनय नाही. कथेतला जमाव म्हणजे वृंद. हा प्रकार रोममध्ये आकाराला येत असतानाच त्याचा ओघ गोव्याला पोचला, याचे मला फार अप्रूप वाटते. ये-जा दुहेरीही होती. पिएत्रो देल्ला व्हाल्ले हा रोमन प्रवासी १६२३ मध्ये गोव्यात उतरला, कर्नाटकात इक्केरीपर्यंत जाऊन आला, आणि १६२४ मध्ये इग्नेशियस व झेवियर यांच्या संतपदाचे गोव्यातले सोहळे त्याने पाहिले. रोमला परतल्यावर १६४० मध्ये त्याने स्वतःच एक छोटा ओरेटोरिओ रचला. गोव्याने त्याला तो सुचवला, असे म्हणण्याइतका पुरावा नाही. पण चर्चसंगीत ऐकलेला एक कान दोन्हीकडे वावरला, एवढे खरे.

सात वृंद उभे करायला गाणारी माणसे लागतात, आणि ती घडवली चर्चला जोडलेल्या पॅरिश शाळांनी. तिथे मेस्त, म्हणजे शाळेचा संगीतशिक्षक, मुलांना धर्मशिक्षणाबरोबर सोल्फेज, म्हणजे स्वरलिपी वाचून गाणे, आणि व्हायोलिन शिकवी. या शाळांमागे धर्मांतराचा आणि सत्तेचा हेतू होता; तो झाकण्याचे कारण नाही. तरीही शेतकऱ्याच्या पोराला लिपी पाहून स्वर लावता येऊ लागला, ही साधी गोष्ट नव्हे. मुंबईच्या चित्रपटसृष्टीतले वाद्यवृंद पुढे अशाच शाळांत शिकलेल्या मुलांनी भरले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतलेच. संगीतकार प्यारेलाल त्यांचे शिष्य.

पणजीत १९५२ साली आंतोनियो दि फिगेरेदो यांनी संगीत अकादमी काढली. पुढे कला अकादमीत फादर लूर्दिनो बार्रेटो यांनी वृंदगायन जोपासले. गोवा विद्यापीठात गोन्साल्विसांच्या नावाचे अध्यासन आहे आणि विद्यापीठाचा वृंदही गातो. मुंबईत व्हिक्टर परांजोती यांनी सुरू केलेला वृंद १९६७ मध्ये त्यांच्या निधनानंतर कूमी वाडिया यांनी सांभाळला. या शहरी वृंदांचे कौतुक होते, व्हायलाच हवे. पण माझ्या मते या परंपरेचा जीव गावातल्या मेस्तात आहे. वृंदप्रमुख कितीही थोर असो, समोर स्वरलिपी वाचणारे कोणी नसेल तर तो काय करणार?

ईस्टरआधीच्या उपवासकाळात गोव्यातल्या चर्चमध्ये लॅटिन मोतेत, म्हणजे वृंदाने गायची भक्तिगीते, आजही गातात, साथीला व्हायोलिन, क्लॅरिनेट आणि डबल बास. त्यांतले कित्येक गावच्याच मेस्तांनी रचलेले. हस्तलिखित वह्या चर्चच्या कपाटांत आणि घरोघरच्या पेट्यांत पडून आहेत, आणि गोव्याचा पावसाळा कागदाला सोसत नाही. त्या वह्यांची छायाचित्रे घेऊन गावनिहाय यादी करणे हे काम विद्यापीठाने आणि कला अकादमीने मिळून आत्ताच हाती घ्यायला हवे, त्या वाचून गाणारी म्हातारी माणसे अजून आहेत तोवर.