हळद, जखम आणि छापील शब्द

विळीने बोट कापले की त्यावर चिमूटभर हळद दाबावयाची, हे मराठी घरात कोणी ग्रंथ वाचून शिकत नाही. तथापि या ज्ञानाला एकदा ग्रंथांची साक्ष काढावी लागली. तो प्रसंग साहित्याच्या अभ्यासकांनीही लक्षात घ्यावा असा आहे.

प्रथम जखमेचा विचार करू. जखमेच्या जागी जमणाऱ्या श्वेतपेशी जंतुनाशासाठी ऑक्सिजनचे अतिक्रियाशील रेणू निर्माण करतात. हे शस्त्र आवरले नाही, तर भोवतालच्या निरोगी पेशींनाही इजा पोहोचते. म्हणून शरीराने स्वतःची संरक्षणव्यवस्था ठेवलेली आहे. सुपरऑक्साइड डिसम्युटेज (त्याचे कार्य १९६९ साली मॅकॉर्ड व फ्रिडोविच यांनी उलगडले) व कॅटालेज ही एंझाइमे आणि ग्लुटाथायोन हे तिचे मुख्य घटक होत. आवळा, पेरू यांतील क जीवनसत्त्व तिला आहारातून साहाय्य करते. शिवाय त्यावाचून कोलॅजेन नीट घडत नाही व जखम भरून येत नाही. हळदीतील कुरकुमिन परीक्षानळीत प्रतिऑक्सिडीकारक गुण दाखविते. पोटात घेतल्यास मात्र त्याचे शोषण अत्यल्प होते.

१९९५ साली हळदीच्या जखमेवरील उपयोगासाठी मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला अमेरिकेत पेटंट मिळाले. दिल्लीच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने, रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना, १९९६ मध्ये त्यास आव्हान दिले. तत्कालीन अमेरिकी कायद्यानुसार परदेशातील नुसती वहिवाट पुरेशी नव्हती. छापील उल्लेख आवश्यक होता. परिषदेने संस्कृत, हिंदी, उर्दू मजकुरांसह ३२ संदर्भ सादर केले आणि १९९७ मध्ये पेटंटमधील दावे फेटाळले गेले.

येथे दोन गोष्टींची गल्लत होऊ नये. उपचार जुना आहे, एवढेच ग्रंथांनी सिद्ध केले. तो कितपत गुणकारी आहे, हे प्रयोगानेच ठरावयाचे. परंतु जी आजी रोज हळद लावीत होती, तिची साक्ष त्या कायद्याच्या लेखी शून्य होती. ही अट अमेरिकेत २०१३ पासून सैल झाली. तरीही मौखिक परंपरा स्थळकाळाच्या नोंदीसह लिहून ठेवण्याचे काम केवळ लोकसाहित्याच्या हौसेचे नाही, हाच या प्रकरणाचा बोध होय.