जुनी जिप्सी घेताना, जुनी जिप्सी राखताना

चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या गाडीशौकीन माणसाला मनातली गाडी विचारली, की बहुतेक वेळा एकच नाव येतं : जिप्सी. मुंबई-पुण्याच्या शौकिनाला जमिनीला चिकटून धावणारी दोन आसनांची स्पोर्ट्स कार हवी असते. तशी एक गाडी आपल्या शेजारच्या गोव्यातही तयार झाली होती. सॅन मोटर्सची ‘स्टॉर्म’ फायबरग्लासच्या अंगाची होती आणि तिला रेनोचं इंजिन होतं. पण आलापल्लीहून भामरागडला जाणाऱ्या रस्त्यावर किंवा मोहर्लीच्या मुरमाच्या वाटेवर असल्या गाडीचं पोट पहिल्याच चरीत घासेल.

स्पोर्ट्स कारची मजा नुसत्या वेगात नसते. गाडी हलकी असावी, टप उघडा असावा, पेट्रोल इंजिन आनंदाने फिरावं आणि रस्ता चालकाच्या हाताला थेट कळावा, यात ती मजा असते. हे सगळं जिप्सीत आहे. भारतातल्या रॅलींमध्ये, अगदी ‘रेड द हिमालय’सारख्या खडतर शर्यतीतही, ती वर्षानुवर्षं धावली ती त्याच गुणांवर. आमच्या जंगलाच्या जिल्ह्यांची स्पोर्ट्स कार ती हीच. आता नवी मिळत नाही, म्हणून ती जुनी घ्यावी लागते, आणि जुनी घ्यायची तर समजून घ्यावी लागते.

घराणं

मारुतीने जिप्सी बाजारात आणली डिसेंबर १९८५ मध्ये. तिचं मूळ सुझुकीच्या जिम्नीत, आणि जिम्नी जपानमध्ये १९७० पासूनची. पहिल्या जिप्सीला ९७० सीसीचं कार्ब्युरेटरवालं इंजिन आणि चार गिअर होते. १९९६ मध्ये १३०० सीसीची ‘जिप्सी किंग’ आली, पाच गिअर आणि सुमारे ६० बीएचपीची. २०००च्या सुमारास तिला १६ व्हॉल्व्हचं एमपीएफआय इंजिन मिळालं आणि ताकद ८० बीएचपीवर गेली. सुरक्षेचे आणि प्रदूषणाचे नवे निकष आले, तशी २०१९ मध्ये सर्वसामान्य ग्राहकांसाठी ती बंद झाली. पाच दारांची जिम्नी २०२३ मध्ये आली, पण जिप्सीवाल्यांचा जीव जिप्सीतच अडकलेला आहे.

तिची रचना सरळ आहे. खाली शिडीच्या घडणीची चासी, दोन्ही अ‍ॅक्सल अखंड, चारही चाकांना कमानपाटे. गिअरबॉक्सच्या मागे वेगळा ट्रान्स्फर केस असतो. त्याच्या दांड्याने टू-हाय, फोर-हाय आणि फोर-लो निवडायचं. वजन एक टनाच्या आतबाहेर. १३०० सीसीचं इंजिन मारुती एस्टीमच्या घराण्यातलं आहे, त्यामुळे इंजिनाचे कितीतरी सुटे भाग अजून मिळतात. लष्करानेही ही गाडी भरपूर वापरली, तोही फायदा आहे. नागपूरहून पार्सलने क्लच प्लेट मागवून तालुक्याच्या गॅरेजात बसवता येते, आणि जुन्या गाडीच्या मालकाला याहून मोठा आधार नसतो.

तीन दारांतून येणारी गाडी

आपल्याकडे जुनी जिप्सी साधारण तीन ठिकाणांहून येते.

पहिली, सफारीतून निवृत्त झालेली. ताडोब्यात सहा पर्यटक, गाईड आणि चालक घेऊन ती रोज जंगलात जाते. ताडोबा राष्ट्रीय उद्यान झालं १९५५ साली आणि अंधारी अभयारण्यासह व्याघ्र प्रकल्प झाला तो नव्वदच्या दशकात. मोहर्ली, कोलारा, नवेगाव या दारांवरचा आजचा पर्यटन-व्यवसाय जिप्सीच्या चाकांवर उभा राहिला. पण अशा गाडीचे किलोमीटर पाहून भुलू नये. ती दिवसभर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये हळू चालते, थांबते, पुन्हा निघते. काट्यावर किलोमीटर कमी दिसतात, पण इंजिन तासन्‌तास चाललेलं असतं आणि क्लचने हजारो वेळा मार खाल्लेला असतो. धूळ तर प्रत्येक सांध्यात. शिवाय वरच्या बाकांसाठी पत्र्याला वेल्डिंग केलेलं असतं. ते कुठे आणि कसं केलंय हे बघावंच.

दुसरी, लष्कराच्या लिलावातली. तिच्या नंबरप्लेटवर बाणाचं चिन्ह असतं आणि नागरी नोंदणी नसते. लिलावाची कागदपत्रं पूर्ण नसतील आणि परिवहन कार्यालयात नोंदणी झालेली नसेल, तर स्वस्तात मिळालेली गाडी अंगणात उभीच राहते.

तिसरी, घरगुती. शेतावर, लाकडाच्या किंवा ठेकेदारीच्या कामावर वापरलेली. हिच्यात मूळ पत्रा आणि मूळ इंजिन मिळायची शक्यता सगळ्यात जास्त. भाव चढा सांगितला तरी आधी हिचाच विचार करावा.

आधी चासी, मग इंजिन

घेणारा माणूस बॉनेट उघडतो, सेल्फ मारतो, आवाज ऐकतो आणि खूश होतो. खरं तर इंजिन ही जिप्सीतली दुरुस्त करायला सोपी गोष्ट. अवघड आहे तो गंज. म्हणून गाडी पाहायला जाताना जुने कपडे घालावेत आणि सरळ खाली झोपावं. चासीच्या लांब पट्ट्या मागच्या कमानपाट्यांच्या शॅकलपाशी तपासाव्यात, कारण चिखल तिथेच साठून राहतो. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जावं. चांगलं लोखंड खणखणीत वाजतं, आणि गंजलेल्या जागी आवाज बोदा येतो, वर पपडी निघते. मग चालकाच्या पायाखालचं मॅटिंग उचलावं, मागच्या चाकांवरचा पत्रा पाहावा, पुढच्या काचेच्या चौकटीचा तळ पाहावा. खिशात लहान लोहचुंबक ठेवावं. रंगाखाली पुट्टी जाड असेल तिथे ते चिकटत नाही.

चासी क्रमांक स्वतःच्या डोळ्यांनी वाचावा आणि आरसी बुकाशी अक्षरन्‌अक्षर ताडून पाहावा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, त्यापुढे तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांनी वाढते. सफारीची गाडी प्रवासी वाहन म्हणून नोंदलेली असेल, तर खासगीत बदलून घेण्याचं काम वेगळं. एमएच ३४ चंद्रपूरची, एमएच ३३ गडचिरोलीची. बाहेरच्या जिल्ह्यातली किंवा राज्यातली गाडी असेल तर ना-हरकत, कर्जाचा बोजा आणि थकलेला कर या तिन्ही गोष्टी पैसे देण्याआधी मिटवून घ्याव्यात.

हँडल थरथरतं तेव्हा

जिप्सीचा सगळ्यात प्रसिद्ध आजार म्हणजे साठ-सत्तरच्या वेगावर, एखाद्या खड्ड्यानंतर, स्टिअरिंग एकदम जोरात थरथरू लागतं. वेग कमी केला की थांबतं. पहिल्यांदा अनुभवणाऱ्याच्या छातीत धस्स होतं.

इथे घाईने भाग बदलत सुटणं हे पैशाचं पाणी. क्रम धरावा. आधी टायरची हवा आणि बॅलन्सिंग. बऱ्याचदा रिमच्या आत सुकलेला चिखलाचा गोळाच कारण निघतो. मग टाय रॉडचे एंड : एकाने स्टिअरिंग थोडं डावं-उजवं हलवावं, दुसऱ्याने खाली सांध्यावर हात ठेवावा, ढिलेपणा बोटांना लागतो. त्यानंतर चाक जॅकवर उचलून वर आणि खाली धरून हलवावं. खेळ जाणवला तर व्हील बेअरिंग किंवा किंगपिनचं बेअरिंग. कोणतं ते ओळखायला दुसऱ्या माणसाने ब्रेक दाबून धरावा. खेळ गेला तर व्हील बेअरिंग, तरीही राहिला तर किंगपिन. किंगपिनच्या गोल नकलवर ऑईल ओघळून धूळ चिकटलेली दिसली, तर सील गेलेलं आहे. सील गेलं की धूळ आत, धूळ आत गेली की बेअरिंग संपलं. नुसता स्टिअरिंग डँपर नवा बसवला तर थरथर काही महिने दबते आणि झीज आत वाढत राहते. दुखणं दाबू नये, बरं करावं. जिप्सीच्या प्रत्येक दुरुस्तीला हे लागू आहे.

दुसरी नेहमीची तक्रार, गाडी उचलताना खालून येणारा धडधड आवाज किंवा ट्रान्स्फर केसचा दांडा आपोआप सुटणं. मिस्त्री गिअरबॉक्स उतरवायला निघण्याआधी ट्रान्स्फर केसचे रबर माउंटिंग पाहायला सांगावेत. ते चिरले की केस जागेवरून हलतो. मग प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस पाहावेत. रबर स्वस्तात बदलतं, गिअरबॉक्स उघडण्याचा खर्च मोठा.

आणि एक सवय. डांबरी कोरड्या रस्त्यावर फोर-व्हील लावून चालवू नये. या गाडीत पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलमधला फरक सामावणारं मधलं डिफरन्शियल नाही. वळणावर सगळा ताण गिअर, शाफ्ट आणि टायरवर येतो. फोर-व्हील चिखलासाठी, वाळूसाठी, ओल्या चढासाठी.

चंद्रपूरचा उन्हाळा

मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४६-४७ अंशांवर जातो. कोळशाच्या खाणींची आणि सिमेंटच्या रस्त्यांवरची धूळ रेडिएटरच्या जाळीत बसते. बाहेरून जाळी चोंदते आणि आतून बोअरच्या जड पाण्याची खपली धरते. काटा वर चढू लागला की काही मिस्त्री थर्मोस्टॅटच काढून टाकतात. त्याने आजचा दिवस निघतो, पण इंजिन योग्य तापमानाला स्थिरावत नाही, झीज वाढते, पेट्रोलही जास्त लागतं. रेडिएटर उतरवून धुवावा, त्यात कूलंट आणि डिस्टिल्ड पाणीच घालावं, फॅनचा पट्टा आणि वॉटर पंप पाहावा. रेडिएटरमध्ये बुडबुडे, सायलेन्सरमधून न थांबणारा पांढरा धूर, ऑईलच्या झाकणाला दुधाळ साय ही हेड गॅस्केट गेल्याची लक्षणं. तशी गाडी एक किलोमीटरही पुढे नेऊ नये.

कार्ब्युरेटरवाल्या जुन्या गाडीला उन्हाळ्यात आणखी एक त्रास होतो. ती चालत असते, चहाला थांबवली की पुन्हा सुरू होत नाही. तापलेल्या पंपात आणि नळीत पेट्रोलची वाफ अडकते. पेट्रोल पंपावर ओलं फडकं ठेवून थोडा वेळ थांबावं, गाडी सुरू होते. पण दर वेळी असंच होत असेल, तर नळी सायलेन्सरच्या फार जवळून तर गेली नाही ना, हे पाहायला हवं. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आता सगळीकडे आहे. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि जुन्या रबराला सोसत नाही, म्हणून जुन्या गाडीच्या पेट्रोलच्या रबरी नळ्या आणि फिल्टर घेतल्याबरोबर नवे घालावेत.

एमपीएफआय गाडी आयडलिंगला वरखाली होत असेल, तर थेट कॉम्प्युटरवर संशय घेऊ नये. थ्रॉटल बॉडी साफ करावी, व्हॅक्यूमच्या नळ्यांना चीर पडली आहे का पाहावं, इंजिन आणि चासीमधली अर्थची वायर काढून घासून पुन्हा कसावी. साध्या मल्टीमीटरने उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास आणि चालू गाडीत १४ च्या आसपास आहे का, एवढं घरीही कळतं.

गडचिरोलीचा पावसाळा

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा झाला. वैनगंगा, प्राणहिता, इंद्रावती आणि असंख्य नाल्यांचा हा मुलूख. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, हे दर पावसाळ्याचं. जिप्सी फोर-व्हील आहे म्हणून पुरात घालण्याचा मोह कुणी करू नये. एक टनाची गाडी दारापर्यंतच्या वाहत्या पाण्यात तरंगू लागते, आणि तरंगणाऱ्या गाडीला स्टिअरिंग नसतं. पुलावरून पाणी असेल तर थांबायचं, दुसरा विचार नाही.

लहान, संथ नाला ओलांडावाच लागला, तर आधी पायी जाऊन तळ पाहावा, फोर-लो टाकावा, पहिल्या गिअरमध्ये एकसारखं जावं, मध्ये क्लच दाबू नये. पलीकडे गेल्यावर ब्रेक हलके दाबत ड्रम सुकवावेत. खरं काम दुसऱ्या दिवशी सकाळी. गरम डिफरन्शियल थंड पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि ब्रीदर चोंदलेला असेल तर सीलमधून पाणी ओढलं जातं. रात्रभर गाडी उभी राहिली की हे पाणी ऑईलच्या खाली बसतं. सकाळी, गाडी हलवण्याआधी, ड्रेन प्लग थोडा ढिला करावा. पाणी गेलं असेल तर पहिला थेंब पाण्याचाच येतो. ऑईल दुधाळ दिसलं तर पूर्ण बदलावं. लिटर-दोन लिटर गिअर ऑईलने क्राऊन-पिनियन वाचतं.

पेट्रोलचाही हिशेब ठेवावा. टाकी ४० लिटरची, लिटरला दहाच्या आसपास किलोमीटर, चिखलात त्याहूनही कमी. आलापल्ली सोडताना टाकी भरलेली असावी. सोबत फॅन बेल्ट, रेडिएटरची एक नळी, प्लग, फ्यूज, थोडं कूलंट आणि ओढायचा दोर.

ज्ञान टिकलं तर गाडी टिकेल

या गाडीला धोका सुट्या भागांच्या टंचाईचा कमी आहे, माणसांच्या टंचाईचा जास्त. कार्ब्युरेटर हाताने जुळवणारे, किंगपिनची शिम अंदाजाने नव्हे तर मोजून बसवणारे मिस्त्री आता वयस्क होत चालले आहेत. त्यांच्याकडचं शहाणपण कुठे लिहिलेलं नाही. म्हणून प्रत्येक मालकाने गाडीत एक वही ठेवावी : तारीख, किलोमीटर, लक्षण, सापडलेलं कारण, बदललेला भाग. गाडी विकली तर वही सोबत द्यावी. आपल्या जिल्ह्यांतल्या आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिक शिकणाऱ्या मुलांना अशा मिस्त्रींच्या गॅरेजात आठवडाभर बसवलं, एक जुनी जिप्सी उघडून पुन्हा जोडू दिली, तर त्यांना यंत्र कळेलच, आणि तक्रारीवरून कारणापर्यंत पायरीपायरीने जाण्याची शिस्तही लागेल. ती शिस्त कुठल्याही गाडीला लागू पडते, उद्याच्या विजेवर चालणाऱ्या सफारी-गाडीलाही. जुनी जिप्सी घेणाऱ्याने गाडीबरोबर एवढी जबाबदारीही घ्यावी, असं मला मनापासून वाटतं.