‘द कोयना’, पण नुसतं कराड

‘द कोयना रायझेस इन महाबळेश्वर. इट जॉइन्स द कृष्णा अ‍ॅट कराड.’ कोयनानगरच्या एखाद्या वर्गात फळ्यावर एवढी दोन वाक्यं लिहिली, तरी इंग्रजी व्याकरणातला एक चिवट प्रश्न समोर येतो. कोयनेच्या मागे ‘द’ आहे, कृष्णेच्या मागे आहे, मग महाबळेश्वर आणि कराडनं काय घोडं मारलं?

मराठी मुलाला हा ‘द’ जड जातो, कारण त्याच्या भाषेत या जागी काहीच नसतं. ‘पुस्तक आण’ म्हटलं, की कोणतं पुस्तक ते घरातल्यांना आपोआप कळतं. इंग्रजीत मात्र ते दरवेळी सांगावं लागतं. व्याकरणाच्या पुस्तकात याचे नियम दोन-तीन पानं भरून असतात आणि त्यांतली उदाहरणं बहुतेक गंगा, हिमालय, थेम्सची. पण पाटण तालुक्यातल्या मुलाला हेच सगळं आपल्या दरीत सापडतं. महाबळेश्वरला उगम पावून कोयना दक्षिणेला येते, हेळवाकजवळ पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. पुठ्ठ्यावर हा नकाशा काढायचा आणि नावांच्या चिठ्ठ्या मुलांकडून चिकटवून घ्यायच्या. नदीला ‘द’ लागतो, धरणालाही लागतो: ‘द कोयना डॅम’. मागच्या जलाशयाला ‘शिवसागर लेक’ म्हटलं, की तो गळतो. पाटण, हेळवाक, कोयनानगर या गावांनाही तो नको. पुठ्ठा, डिंक आणि रंगीत खडू एवढाच खर्च. आणि नियम मुलांनी स्वतः शोधलेला असल्यामुळे पुन्हा पाठ करून घ्यावा लागत नाही.

इंग्रजी शिकवण्याची साधनं म्हटली, की हल्ली डोळ्यांपुढे पडदा, प्रोजेक्टर आणि टॅब येतात. बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड आहेत, ‘दीक्षा’वर धडे आणि चित्रफिती आहेत. त्यांचा उपयोग आहेच. विशेषतः उच्चार ऐकवण्यासाठी. पण डोंगरातल्या द्विशिक्षकी शाळेत रेंज येते-जाते आणि एकाच खोलीत दोन इयत्ता बसतात. तिथे रोज हाताशी असणारं सगळ्यात मोठं साधन म्हणजे मुलांची मराठी. शिक्षकांना बऱ्याचदा उलटं सांगितलं जातं: इंग्रजीच्या तासाला मराठी नको. बोलण्याच्या सरावापुरतं ते ठीक आहे. व्याकरण समजावताना मात्र मराठी बाजूला ठेवणं म्हणजे घरातला दिवा विझवून अंधारात चाचपडणं.

मराठी शाळेतलं व्याकरण इंग्रजीशी अनोळखी नाहीच. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण लिहिलं, तेव्हा त्यांच्यापुढे लिंडली मरेच्या इंग्रजी व्याकरणाचा नमुना होता. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद अशा शब्दांच्या आठ जाती मुलं आज मराठीच्या तासाला शिकतात, ती मांडणी या इंग्रजी वळणाचीच आहे. कराडजवळच्या टेंभू गावात १८५६ साली जन्मलेल्या गोपाळ गणेश आगरकरांनी पुढे १८८८ मध्ये मराठी वाक्याच्या पृथक्करणावर ‘वाक्यमीमांसा’ हे पुस्तक लिहिलं. सुधारक आगरकर सगळ्यांना माहीत असतात. मराठी वाक्य उलगडून दाखवणारे शिक्षक आगरकर फारसे कुणाला आठवत नाहीत, याची खंत वाटते. मराठीच्या तासाला नाम-क्रियापद शिकलेलं मूल इंग्रजीच्या तासाला तेच नव्यानं शिकत बसतं, कारण हे दोन तास एकमेकांशी बोलत नाहीत.

ते बोलायचे, असा एक काळ होता. ‘तर्खडकरांची भाषांतर पाठमाला’ कित्येक पिढ्यांनी घोकली. आधी नियम, मग शब्द, मग मराठी वाक्यांचं इंग्रजी करायचं. पद्धत रुक्ष होती आणि बोलायला तिनं फारसं कुणी शिकलं नाही. पण मराठी वाक्य कुठे आणि कसं वळवायचं, हे तिच्यामुळे हातात बसायचं. इंग्रजी शाळेतल्या मुलांची भिस्त ‘रेन अँड मार्टिन’वर. त्यातले रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होते आणि कादंबरीकार म्हणूनही गाजले. त्यांच्या व्याकरणाचा मूळ वाचक इंग्रजी घरातलं मूल होता. मराठी मूल नेमकं कुठे अडतं, हे त्या पुस्तकाला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

ते कुठे अडतं? ‘तो खातो, ती खाते, ते खातात’ ही रूपं पाच वर्षांचं मूल न चुकता बोलतं. ‘भाकरी खाल्ली’ आणि ‘आंबा खाल्ला’ यातला फरकही त्याला शिकवावा लागत नाही. तेच मूल इंग्रजीत ‘ही ईट’ लिहितं आणि ‘ईट्स’चा शेवटचा ‘स’ विसरतं. आळस हे त्याचं कारण नाही. खाणारा कोण हे ‘ही’नं आधीच सांगितलेलं असतं, तो ‘स’ अर्थात काही भर घालत नाही, म्हणून कानाला जाणवत नाही.

प्रश्न विचारताना गोंधळ आणखी वाढतो. ‘चिपळूणची बस कधी सुटते?’ मराठीत ‘कधी’ घातलं की काम झालं. इंग्रजीत ‘व्हेन डझ द बस लीव्ह?’ असं फिरावं लागतं. इथे तीन कार्डं उपयोगी पडतात: एकावर ‘डू’, एकावर ‘लीव्ह’ आणि एक छोटं, शेपटीचं. ‘द बस लीव्हज अ‍ॅट सेव्हन’ या वाक्यात शेपटी ‘लीव्ह’ला लावलेली. प्रश्न करताना ‘डू’ पुढे येतो आणि शेपटी काढून घेतो. ‘डू’चा ‘डझ’ होतो, ‘लीव्ह’ नुसतं उरतं. मुलं स्वतःच्या हातानं शेपटी उचलून इकडची तिकडे लावतात. ‘डझ लीव्हज’ ही नेहमीची चूक मग त्यांना स्वतःलाच दिसते, कारण शेपटी एकच आहे.

आणि बस खरी असली पाहिजे. भाषाशिक्षणाचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या साध्या शाळांत ‘बंगळूर प्रकल्प’ म्हणून गाजलेला प्रयोग केला. व्याकरणाचा नियम सांगायचा नाही. मुलांपुढे नकाशा किंवा गाड्यांचं वेळापत्रक ठेवून कोडं घालायचं आणि ते इंग्रजीतून सोडवून घ्यायचं. जगभरच्या शिक्षकांनी या प्रयोगाची दखल घेतली. कोयनानगर कराड-चिपळूण रस्त्यावर आहे. कुंभार्ली घाट उतरला की कोकण. स्टँडवरचं एसटीचं वेळापत्रक वहीत उतरवून आणलं, की आठवडाभराचे प्रश्न मिळतात. पाटणला दहाच्या आत पोचायचं तर कोणती गाडी धरायची? ती चुकली तर पुढची कधी?

लेखनाची गोष्ट वेगळी आणि जास्त अवघड. राज्यात २००० सालापासून मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून आहे. तरी दहावीपर्यंत आलेलं मूल ‘माय स्कूल’वरचा निबंध गाईडमधून पाठ करून उतरवतं. पाठ केलेल्या निबंधात चुका नसतात आणि मूलही नसतं. शिक्षकाला तो तपासणं सोपं जातं, हे खरं. पण त्या पोराला स्वतःचं एक वाक्य जुळवता येतं की नाही, हे त्यातून कधीच कळत नाही.

यावर एक साधा उपाय आहे. भाषाशिक्षणाच्या अभ्यासक रूथ वाइनरिब यांनी १९९० च्या सुमारास त्यावर पुस्तक लिहिलं आणि तो बऱ्याच देशांत पोचला. शिक्षक चार-पाच वाक्यांचा उतारा नेहमीच्या वेगानं दोनदा वाचतो. मुलं जमतील तेवढे शब्द टिपतात, मग चौघाचौघांच्या गटात तो उतारा पुन्हा उभा करतात. शेवटी मूळ उतारा फळ्यावर येतो आणि आपला कुठे वेगळा झाला, ते पाहायचं. शुद्धलेखनासारखा तो शब्दाला शब्द जुळावा लागत नाही. अर्थ जुळला आणि व्याकरण बसलं की झालं. गटात ‘बिल्ड’ की ‘बिल्ट’ यावर वाद होतो. तो वाद मराठीत होतो, आणि व्हावा.

उताऱ्याला विषय शोधायला लांब जायला नको. कोयनेचं धरण १०३ मीटर उंच आहे. ‘धरण बांधलं’ एवढं मराठीत पुरतं; कुणी बांधलं ते सांगितलं नाही तरी वाक्य पुरं होतं. इंग्रजीत कर्ता गाळला, की ‘द डॅम वॉज बिल्ट’ म्हणावं लागतं. प्रयोग बदलायची पन्नास वाक्यं घोकूनही मुलांना जे कळत नाही, ते इथे कळतं: कर्मणी प्रयोग कशासाठी असतो.

आणि मग भूकंप. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट, नुकतेच चार वाजून गेलेले. दीडशेहून अधिक माणसं गेली, कोयनानगरातली बहुतेक घरं पडली. तेव्हा दहा वर्षांचं असलेलं माणूस आज सत्तरीच्या आसपास आहे. जमीन अजून अधूनमधून हलते, त्यामुळे घरोघरी ही आठवण निघते. मुलांनी आजी-आजोबांना विचारायचं, त्यांचं बोलणं मराठीत जसंच्या तसं टिपायचं आणि त्यातली पाच वाक्यं इंग्रजीत करायची.

पहिलंच वाक्य अडतं. आजी सांगते, ‘लोक झोपले होते.’ मूल सरळ लिहितं, ‘पीपल हॅड स्लेप्ट.’ इंग्रजी वाचणाऱ्याला वाटेल, की झोप झाली, माणसं उठली. लिहायला हवं ‘पीपल वेअर स्लीपिंग व्हेन द ग्राउंड शुक’. काळांच्या तक्त्यात दोन्ही रूपं शेजारी-शेजारी, सारखीच निर्जीव दिसतात. आजीच्या वाक्यात मात्र त्यांच्यामध्ये आख्खी पहाट आहे.

तपासणाऱ्यानं अशा वहीवर लाल शाई सांडू नये. एका खेपेला एकच गोष्ट पाहावी. या आठवड्यात भूतकाळ, पुढच्या आठवड्यात ‘द’. चूक सुधारून न देता समासात नुसती खूण करावी आणि वही परत द्यावी. पन्नास वह्यांच्या गठ्ठ्यापुढे हे एवढंच माणसाच्या आवाक्यातलं आहे. मूल वही घरी नेतं, खुणेजवळ थांबतं आणि आजीला पुन्हा विचारतं, ‘तेव्हा तुम्ही जाग्या होतात, की झोपेत?’