यवतमाळचे वकील, निजामाची रयत

मी बीडच्या कोर्टात वकिली करतो. 17 सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन झालं की आमच्याकडे त्या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांची आठवण निघते. ती निघायलाच हवी; अंबाजोगाईत त्यांनी शाळा चालवली, पोरं घडवली. पण आमच्याच पेशातल्या एका माणसाचं नाव तेव्हा कुणी घेत नाही, याची मला खंत आहे. ते म्हणजे लोकनायक बापूजी अणे.

माधव श्रीहरी अणे 1880 साली वणीला जन्मले. यवतमाळात त्यांनी वकिली केली, टिळकांचे अनुयायी झाले आणि पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या सुमारास तिथेच ‘लोकमत’ साप्ताहिक काढलं. आज जे दैनिक आपण वाचतो, त्याचं मूळ तिथे आहे. 1930 मध्ये पुसदच्या राखीव जंगलात गवत कापून त्यांनी कायदा मोडला आणि तुरुंगात गेले. कायद्यावरच पोट असलेल्या माणसाने हे करावं, याचं मोल वकिलाला जास्त कळतं.

बीड निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं; यवतमाळ ज्यात येतं ते वऱ्हाडही कागदोपत्री निजामाचंच होतं. 1902 च्या कराराने ते इंग्रजांकडे कायमच्या पट्ट्याने गेलं. म्हणजे बीड आणि यवतमाळ यांचा धनी नावाला एकच. तरी तिथे वकील वर्तमानपत्र काढू शकत होता आणि इकडे साधी सभा घ्यायची तर सरकारची परवानगी लागे. मराठवाड्याचा आवाज म्हणूनच बाहेरून उठवावा लागला. डिसेंबर 1938 मध्ये संस्थानाबाहेर सोलापूरला आर्य समाजाची आर्य परिषद भरली, तिचे अध्यक्ष बापूजी होते. हैदराबाद संस्थानातल्या आर्य सत्याग्रहाचा निर्णय त्याच परिषदेत झाला. मागणी धर्मस्वातंत्र्याची होती. पण तिच्यासाठी हजारो लोक निजामाच्या तुरुंगात गेले आणि संस्थानातली दडपशाही देशभर कळली.

1941 मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. ते मला पटत नाही. मात्र फेब्रुवारी 1943 मध्ये गांधीजींचं उपोषण सुरू असताना त्यांनी ते पद सोडलं, हेही त्याच दमात सांगायला हवं. पुढे ते बिहारचे राज्यपाल झाले, नागपूरचे खासदार झाले. टिळकांवर त्यांनी संस्कृतात महाकाव्य रचलं, ‘तिलकयशोर्णव’. 26 जानेवारी 1968 ला ते गेले. त्या ग्रंथाला साहित्य अकादमीचा पुरस्कार 1973 साली मिळाला.

बीड, अंबाजोगाई, माजलगावच्या वकीलबंधूंना माझी विनंती आहे: येत्या मुक्तिसंग्राम दिनी सोलापूरच्या त्या अध्यक्षांचं नाव घ्या आणि नव्या सनदधारकांना त्यांची ओळख करून द्या.